लिनक्सला सगळी मेमरी दिली त्याची हकीकत

बोदलकसा, ता. तिरोडा
१४ डिसेंबर २०१०

चि. ओमेश्वर यास,

आशीर्वाद. सौ. रविता आणि चि. खुशी यांनाही तेच, समान वाटून. इकडे धान मळून झालं, कणग्या भरल्या. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. तिकडे अर्जुनी मोरगावला तुझे सासरे केशोराव यांची प्रकृती मी विचारली आहे असं समज.

तू सासरी राहायला निघालास त्या दिवशी मी अंगणात चार लोकांसमोर जाहीर केलं होतं की आजपासून या पोराशी बोलणार नाही. शब्द पाळतो आहे. लिहिणार नाही असंही म्हटलं होतं का, हे त्या चौघांना घरोघर जाऊन विचारून आलो. म्हटलं नव्हतं.

विषय तांत्रिक आहे.

तू ठेवून गेलेला काँप्युटर मी मागच्या खोलीत, कणग्या आणि भिंत यांच्या मधल्या जागेत हलवला. शेजारी इन्व्हर्टर ठेवला आणि दारावर पाटी लावली: 'मुक्त संगणक प्रयोगशाळा'. शेजारचा भैय्यालाल पाटी पाहून म्हणाला, "गुरुजी, अंदर क्या पक रहा है?" मी उत्तर देण्याआधीच तुझी आई म्हणाली, "यायची क्रांती पकून राहिली. तुमी चहा प्या."

माझी भूमिका तुला ठाऊक आहे. ज्या प्रोग्रामचा आतला कारभार उघडून पाहता येत नाही, त्याच्या राज्यात आपण प्रजा असतो, नागरिक नसतो. लिनक्सचा कारभार उघडा आहे, कोणीही वाचावा, कोणीही बदलावा. हे मी तिरोड्याला एका सभेत दीड तास मांडलं. एकही माणूस उठला नाही. बाहेर दिवे गेले होते म्हणून उठला नाही, असं विरोधकांचं म्हणणं आहे.

तर विंडोज पुसून लिनक्स बसवायचं ठरवलं. तुझी आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "ज्याच्यात माह्या नातीचं तोंड दिसते तेच पुसाल, तं रविवारी मी कोनाचं पाहू? तुमचं?"

लोकशाहीत तडजोड करावी लागते. मी पुस्तकं धुंडाळली आणि तोडगा काढला. एका मशीनच्या पोटात दुसरं, नुसतं मानलेलं मशीन तयार करता येतं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. लिनक्स त्यात राहील, बाहेरच्या विंडोजला धक्का लागणार नाही आणि खुशी रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसत राहील. मी तुझ्या आईला समजेल असं सांगितलं, "एकाच घरात वेगळी चूल."

ती म्हणाली, "न् लाकडं कोन देईन?"

त्या वेळी मला हा प्रश्न अप्रस्तुत वाटला.

नवं मशीन मांडताना प्रोग्राम विचारतो, याला मेमरी किती द्यायची. समोर एक पट्टी येते. सुरुवातीचा भाग हिरवा, पुढचा लाल. लाल म्हणजे धोका, असं तिथे कुठेतरी लिहिलं असावं. मी वाचत बसलो नाही. आयुष्यभर लाल झेंड्याखाली उभा राहून बोललेल्या माणसाला लाल रंगाची भीती घालणारा प्रोग्राम कोणाच्या बाजूचा आहे, हे मी पाहताक्षणी ओळखलं. पट्टी शेवटापर्यंत ओढली. सगळी मेमरी लिनक्सला.

लिनक्स उठला, अर्धं तोंड दाखवलं आणि थिजला. बाहेर विंडोजही थिजलं. दोन्ही चुली एकदम विझल्या.

नेमका रविवार होता. तुझी आई केस विंचरून, नवं लुगडं नेसून समोर येऊन बसली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय केलं?"

"समान वाटप."

"सगळं एकालेच देलं न् समान कसं?"

या मुद्द्यावर मी तिला सविस्तर उत्तर देणार आहे.

ती तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, "जलमभर चौकात बोंबलले, पोरगी पोरापेक्षा कमी नाही, तिच्या मायबापालेही मानूस पायजे. तुमचं आयकूनच तं पोरगा रविताच्या घरी राहाले गेला. न् तुमीच अंगनात उभं राहून म्हनता, घरजावई झाला."

मी म्हणालो, भाषणाचा संदर्भ वेगळा होता. ती म्हणाली, "कोनता?" शोधतो आहे.

मला स्वतःला त्या रविवारच्या कार्यक्रमाशी काही देणंघेणं नाही. मी तेव्हा ओसरीत असतो. ओसरीत मला कामं असतात. कान काही दार नव्हे, लोटून घ्यायला. त्यामुळे खुशीचे पुढचे दात पडले आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते, एवढं समजलं. शाळेत तिचं भाषण आहे आणि केशोराव तयारी करून घेताहेत, हेही समजलं. केशोराव भला माणूस. पण भाषण म्हणजे बाजार समितीतला लिलाव नव्हे. पोरगी एका दमात सगळं ओरडून मोकळी होते. टाळी येण्याआधी थांबायचं असतं, थांबून समोरच्या एका माणसाच्या डोळ्यात पाहायचं असतं, हे तिला कोणी सांगणार आहे की नाही? ज्याने सांगायचं तो ओसरीत बसला आहे.

असो. मशीन अजून बंद आहे. बटण दाबलं की काळा पडदा. मी सगळे उपाय करून पाहिले. हे काम पत्रातून होण्यासारखं नाही, फोनवर तर नाहीच. जाणकार माणसाने येऊन, शेजारी बसून, सावकाश पाहायला हवं. एका दिवसात आटोपेल असं दिसत नाही. खुशीला नाताळात सुटी असेल. रविताला तिकडे एकटी कशाला ठेवतोस, तिलाही आण. केशोराव येत असतील तर येऊ देत, त्यांच्याशी भाषणकलेवर दोन शब्द बोलायचे आहेत.

याला निमंत्रण समजू नये. तांत्रिक गरज आहे.

आपल्या मतांवर अजून ठाम असलेला,
तुझा बाप
यादोराव

बाबू,

पाकीट डाकेत टाकाले यायनं माह्याच हाती देलं, म्हून खाली लिहून राहिली. मशीन बंद नाही. परवा यायनंच ते लाल वालं मांगं ओढलं न् चालू झाली. मी दारातून पाहिलं, खुशीचा फोटो मोठा करून एकटेच बसले होते. माही चाहूल लागली तं वायर उपटली न् मले म्हनतात, "मेली बिचारी."

मी काई बोलली नाही. तूही बोलू नको. पेचकस घेऊन ये, आल्याबरोबर मशीन खोलून ठेव, न् बाप समोर बसला असतानी डोकं खाजवत राहा. खुशी न् रविताचे कपडे जास्तीचे आन.

जल्दी दुरुस्त करू नको.

तुही माय
कुंता