पोरांना गहू चालत नाही

आबा,

काल पोरीला जळगावला सोडून आले. नर्सिंगला नंबर लागला तिचा. होस्टेलच्या बाईंनी सामान उघडायला लावलं. कपडे, पुस्तकं, आणि खाली पिठाचा मोठा डबा. बाई म्हणाल्या, "हे कशाला? मेसमध्ये दोन्ही वेळ पोळ्या असतात." मी तोंड उघडलं, पण पोरगी माझ्या आधीच बोलली. "मॅडम, मला गहू चालत नाही. पोळी, ब्रेड, बिस्कीट, रवा, शेवया, काहीच नाही. माझी भाकरी मी करीन. तवा वेगळा आणलाय, त्याच्यावर कोणी पोळी टाकू नका." एका दमात. रडणं नाही, लाजणं नाही. मी तशीच उघड्या तोंडानं उभी. बारा वर्षं ती वाक्यं मी बोलत आले, लग्नात, शाळेत, एस्टीत, ज्याच्या त्याच्या दारात. काल माझी गरजच पडली नाही. परत येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली, आणि एरंडोल येईपर्यंत मी एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

तुम्हाला हे सांगायला कोणी नाही म्हणून लिहायला बसले. माझी चौथी झालेली, जोडाक्षरं चुकतील. पण तुम्ही अंगठा लावणारे, तुम्हाला कुठे वाचता यायचं? तेव्हा चुका काढायला कोणी नाही.

लग्न होऊन मी शिंदखेड्याजवळच्या तुमच्या गावी आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि मी. मोठी झाली, मग तीन वर्षांनी धाकटा. मोठी पहिल्यापासून किडकिडीत. पोरीची जात, तिच्याकडे कोण बघतं, मीही बघितलं नाही, हे लिहूनच टाकते. पण धाकटा दीड वर्षाचा झाला आणि त्याला जुलाब लागले ते थांबेचनात. पोट मडक्यासारखं आणि पाय काडीसारखे. मांडीवर घेतला की हाडं टोचायची. गल्लीतल्या बाया यायच्या, "काय वं माय, पोऱ्या निस्ता हाडकंच दिखस!" म्हणायच्या, आणि वर माझ्याच हातचा चहा पिऊन जायच्या. कोणी दृष्ट काढली, कोणी मुडदूस म्हटलं, कोणी पोटाला डाग द्यायला सांगितलं. डाग मी देऊ दिला नाही, तेवढी अक्कल होती.

आणि आपण काय केलं, आबा? आपण त्याला जपलं. आपण सगळे ज्वारीची भाकरी खाणारे. गहू सणाला, नाहीतर पाहुण्याला. पण पोराला भाकरी जड जाते, पोळी हलकी असते, असं सगळेच सांगायचे. तुम्ही बाजारातून खास गहू आणले. पोरांपुरत्या चार पोळ्या मी रोज तुपात चोपडून करायची. रव्याची खीर. दुधात बिस्कीट. तो जेवढा वाळायचा तेवढा तुम्ही जास्त गहू आणायचे, आणि मी तेवढ्या जास्त पोळ्या लाटायची. आपल्या ताटात भाकरी, पोरांच्या ताटात पोळी, आणि त्याचा मला केवढा तोरा! शेजारणीला दिसावं म्हणून दारात बसून भरवायची मी.

शेवटी तुम्हीच म्हणालात, चाल धुळ्याला. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही पोरांना बघितलं आणि मुंबईला चिठ्ठी दिली. तिथे तुमचा मुलगा दोघांना घेऊन गेला, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. कागद आले तेव्हा परत धुळ्याला आपण दोघं धाकट्याला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "दोघांनाही गहू चालत नाही. आयुष्यभर. दुसरं औषध नाही." तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. "साहेब, गहू तं आम्ही पोरेसलेच देतस. आम्ही मोठा तं भाकरच खातस." डॉक्टर म्हणाले, "मग आता उलटं करा आबा. तुमचं त्यांना द्या." तुम्ही टोपी परत घातली नाही. बाहेर आलात, बाकावर बसलात आणि टोपीकडे बघत म्हणालात, "मी मना हातवर जहर लई उनू." तुम्ही आणलेलं ते जहर लाटत मी होते. मला रडायला वेळ नव्हता, घरी जाऊन गव्हाचा डबा रिकामा करायचा होता.

तो मी त्याच दिवशी रिकामा केला. डबे धुतले, लाटणं चुलीत घातलं, नवं आणलं नाही. धाकट्याला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली तर त्यानं थुंकली. तुम्ही त्याच्यासमोर बसून तीच थुंकलेली भाकरी खाल्लीत आणि म्हणालात, वा. तो हसला. दोन महिन्यांत जुलाब थांबले, मोठीच्या गालाला रंग आला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, तांदळाची खीर, ज्वारीचे वाळवलेले बिबडे, सगळं खायला लागली. लग्नाच्या पंगतीत मी पोरांच्या दोन्ही बाजूंना हात आडवे टाकून बसायची, वाढप्यानं बुंदी नाहीतर पुरी ठेवली की उचलून परत त्याच्या परातीत. "असं उष्टं परत टाकतात का?" म्हणून एक म्हातारा ओरडला तर मी म्हटलं, "मग तुमच्या ताटात टाकू?" गावानं मला भांडखोर ठरवलं. ठरवू दे.

मग वैशाखात धाकट्याचं पोट परत बिघडलं. तसंच पाणी, तसंच चिडणं, परत हाडं दिसायला लागली. मला दुसरं काही सुचलंच नाही. तुम्ही त्याला खांद्यावर बसवून रोज स्टँडवरच्या हॉटेलात न्यायचात, तिथे बरणीत टोस्ट आणि खारी. मी पोराला तुमच्या खांद्यावरून ओढून उतरवलं. ओट्यावर चार माणसं बसलेली, तरी मी थांबले नाही. "आबा, हाई तुम्हनंच काम शे. लाड करी करी पोऱ्याले मारशात का?" सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावरचा पदर सावरायचा, मी तुमच्या तोंडासमोर बोट नाचवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी काहीच दिधं नई, बेटा." मी म्हटलं, "मग काय वाऱ्यानं दिधं का?" आणि त्या दिवसापासून पोरं तुमच्याकडे देणं बंद केलं. वीस-बावीस दिवस. धाकटा तुमच्या खोलीच्या दाराशी जाऊन "आबा, आबा" करायचा, आणि मी त्याला बखोटीला धरून आणायची. तुम्ही आतून उत्तर द्यायचा नाहीत. मला वाटायचं, चोर आहे म्हणून गप्प आहे.

आणि पोट काही सुधरेना. तुमच्याकडे जात नव्हता तरी सुधरेना.

त्या दिवशी दळणाचा डबा तुम्ही उचललात. म्हटलं, बरं झालं, माझी खेप वाचली. गावात एकच गिरणी, मला तिथे ताटकळत बसायचा कंटाळा. सकाळी गेलेले तुम्ही, जेवायची वेळ झाली तरी नाहीत. गिरणीवाल्याचं बोलणं नंतर गल्लीभर झालं, "आबा, डबा ठेवा आनि घर जा, बठीसन काय देखी राहिनात?" तुम्ही जागचे हलला नाहीत. लग्नसराईचे दिवस, गव्हाचं दळण गेलं, परत गव्हाचं, मग आपली ज्वारी. ज्वारीवर गहू टाकला तर पोळ्या काळ्या पडतात म्हणून बाया गिरणीवाल्याशी भांडतात, पाळी सोडतात पण गहू आधी दळू देत नाहीत. गव्हावर ज्वारी टाकली तर कोण भांडतं? उलट भाकरी चांगली थापली जाते. मी तर कधी बघितलंच नाही, डबा लागेल त्या पाळीला सारायचा आणि मोकळं व्हायचं.

तुम्ही घरी आलात तेव्हा मिशा, भुवया, टोपी, सगळं पांढरं. डबा माझ्यासमोर ठेवलात, तळाचं पीठ मुठीत घेऊन माझ्या तळहातावर ठेवलंत. "देख. हाई निस्ती ज्वारी शे का?" मी बोटानं चोळून बघितलं. मऊ, पिवळसर, कणिकच होती ती. गिरणीच्या घट्याच्या पोटात राहिलेला दुसऱ्याचा गहू मी रोज माझ्या हातानं थापून पोराला घालत होते.

तुम्ही तसेच उठलात. गोठ्यात पालथं पडलेलं सासूबाईंचं जातं काढलंत, पाथरवटाला बोलावून टाकी मारून घेतलीत, नवा खुंटा बसवलात. मी म्हटलं, आणा, मी दळते. तुम्ही म्हणालात, "तू चूल देख. हाई मन्ह काम." बाया दळायच्या त्या अंधारात, दार लोटून. तुम्ही भर उजेडात, ओट्यावर, धोतर खोचून बसायचे. बायांना जात्यावर गाणी असतात, तुम्हाला कुठली? तुम्ही बैल हाकल्यासारखे जात्याशी बोलायचे, "हां राजा, चाल, वळ, वळ." पोरं दोन्ही बाजूंना बसून घास टाकायची आणि तीही ओरडायची, वळ, वळ! गडीमाणूस दळतो म्हणून येणारा-जाणारा थांबायचा. एकजण म्हणाला, "आबा, आते लुगडं बी नेसी ल्या!" तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "तुनी बायकोनं लई ये, नेसी लेसू."

पंधरा दिवसांत धाकट्याचं पोट बांधलं. आषाढ संपेस्तोवर तो परत तुमच्या खांद्यावर.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. भाऊबंदांतली सगळी आपल्या घरी जमलेली. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायचे ते घरच्या वडिलांनी, एकेका पुरुषमाणसाच्या नावानं सव्वा मूठ. तुम्ही मोजत होता, मोठ्या काकांचं, त्यांच्या मुलांचं, तुमचं, तुमच्या मुलाचं. धाकट्याचं नाव आलं आणि चुलत सासू, अक्का, म्हणाली, "मोजा ना, थांबनात कसाले? देवीना रोटमा बी दोष देखतस का तुम्ही? कानबाई कोपी ना!" मी एकटी गावाशी भांडले असते, देवीशी कशी भांडू? तुम्ही गव्हाची पाटी बाजूला सारलीत, दुसरी टोपली पुढे ओढलीत आणि धाकट्याच्या नावानं सव्वा मूठ ज्वारी टाकलीत. मग परत मूठ भरलीत. अक्का म्हणाली, "हाई कोननी?" तुम्ही म्हणालात, "मोठीनी." "पोरीनं माप नई ऱ्हास, भाऊ!" "मना घरमा ऱ्हास. कानबाई बी बाईच शे, तिले समजी." अक्काचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ती सव्वा-सव्वा मूठ तुम्ही आपल्या जात्यावर दळलीत, मी त्याचे दोन रोट केले, नैवेद्याला गव्हाच्या रोटांशेजारी ठेवले. मोठीनं आपला रोट कोणाला तुकडासुद्धा दिला नाही. अजून दरवर्षी तिचं माप काढतो आम्ही. आता तुमचा मुलगा मोजतो.

धाकटा माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. धुळ्याला आयटीआयला जातो, डब्यात तीन भाकऱ्या, आणि मास्तरांच्या वाढदिवसाला केक आला तर "नको" म्हणून हात मागे घेतो, मी समोर नसताना. बंधाणी हिंगात कणिक असते हे त्यानंच कुठून तरी शोधून आणलं आणि मला रागावला. ही दोन पोरं मी वाढवली, आबा. लोक म्हणायचे जगणार नाहीत. अंगात तोरा आहे म्हणता? आहे. कमावलेला आहे.

आता एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय कागद संपत नाही. धुळ्याला त्या दिवशी डॉक्टरांचं बोलणं झाल्यावर तुम्ही धाकट्याला पाणी पाजायला आधी बाहेर गेलात. मागे डॉक्टर मला म्हणाले, "आणि बाई, दळण गव्हाच्या गिरणीत नको. स्वच्छ करून घ्या, नाहीतर घरी दळा." चारची एस्टी होती. मी "हो हो" म्हटलं आणि उठले. बाकावर तुम्हाला टोपी हातात घेऊन बसलेलं बघितलं, आणि ते बोलणं डोक्यातून गेलं ते गेलंच. तुम्ही माझ्या तळहातावर पीठ ठेवलंत त्या क्षणाला ते जसंच्या तसं आठवलं. तेव्हा सांगता आलं असतं. ओट्यावर चार माणसांसमोर तुम्हाला बोलले होते, चार माणसांसमोर फिरवायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "डाक्टरना बी ध्यानमा नई उनं हाई." आणि मी मान हलवली. म्हटलं, हो ना, एवढा शिकलेला माणूस, आणि सांगायला विसरला.

त्यानंतर तीन वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही दळलंत. तीन वर्षांत रोज एक वेळ होती सांगायला, आणि मी रोज पीठ चाळून आत नेलं.

हा कागद पोरांच्या हाती लागू देणार नाही. त्यांना वाटतं, त्यांच्या आईला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. मी त्यांना तसं वाटू दिलंय, आणि आबा, अजूनही वाटू देणार आहे.