पॉइंट टू टूची बाजू

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार
लायसन्स परवाच हातात पडलं होतं, आज पिस्तूल घरी आणलं. पॉइंट टू टू, रिमफायर. सेकंडहँड आहे, पण आधीचा मालक पारशी, म्हणजे वस्तू जपलेली. हातात घेतलं आणि छाती भरून आली. वय चव्वेचाळीस. आतापर्यंत हार्मोनियम झालं, होमिओपॅथी झाली, बोन्साय झालं (वड वाळला). हे त्यातलं नव्हे. इथे वयाला किंमत नाही, चित्ताला आहे. आणि चित्त माझं पहिल्यापासून स्थिर आहे, फक्त त्याला काम मिळालं नव्हतं.
संकल्प: रोज पहाटे उठून सराव. दर रविवारी नावड्याच्या पुढे टेकडीखाली क्लबची रेंज आहे तिथे जाणे. चहा बंद (हात थरथरतो म्हणे). वर्षाअखेर क्लबात पहिला नंबर.

१३ फेब्रुवारी
उशिरा उठलो. चहा घेतला. एकदम सोडणं शरीराला बरं नव्हे.
मेहुणा कराडहून आला आहे. मधुकरकडे बारा बोअरची बंदूक, उसातल्या डुकरांसाठी. त्यामुळे जगातली सगळी हत्यारं त्याला कळतात. माझं पिस्तूल तळहातावर घेऊन झेललं आणि म्हणाला, दाजी, हे बरं केलंत, वाशीत डास लई झालेत. चारुलता खूप हसली. भावाच्या विनोदाला बायका जरा जास्तच हसतात.
त्याला शांतपणे समजावलं. गोळी छोटी म्हणून धक्का नाही. धक्का नाही म्हणून माणूस दचकत नाही. काडतूस स्वस्त म्हणून सराव भरपूर. जग यावरच नेम शिकतं. मोठ्या बंदुकीने माणूस फक्त आवाज करायला शिकतो. (वाक्य चांगलं जमलं. क्लबात वापरावं.) तो म्हणाला, खेळणं ते खेळणंच, पण मारून दाखवा एकदा, मग मानतो. म्हटलं, दाखवीन. चारुलताच्या देखत म्हटलं.

४ मार्च, रविवार
रेंजवर पहिला दिवस. सेक्रेटरी नंदकुमार गुप्ते, नौदलातून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी नियम सांगितला. नव्या मेंबराने पहिल्या वर्षात परीक्षा द्यायची: वीस गोळ्या, दोनशेपैकी शंभर गुण. नाही जमलं तर मेंबरशिप रद्द, आणि मेंबरशिपच्या आधारावर मिळालेलं लायसन्सही मग पुढे चालू राहत नाही. शंभर म्हणजे पन्नास टक्के. मॅट्रिकला मला बासष्ट होते.
दहा गोळ्या मारल्या. एक लागली. शेजारच्याच्या कागदाला.
कारण: नवा चष्मा.
ते छान जमलेलं वाक्य गुप्त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, आधी मनगट सरळ ठेवा.

१९ मार्च
गुप्त्यांचा सल्ला: हात लांब करून जड वस्तू धरून उभं राहायचं. घरातली इस्त्री योग्य वाटली. सकाळी बाल्कनीत उभा राहिलो, एक डोळा मिटून, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर नेम. थोड्या वेळाने सोसायटीचा इस्त्रीवाला शिवा वर येऊन चारुलताला विचारून गेला, बाई, माझ्या हातून काय चुकलं का, साहेब घरीच करायला लागले.
सराव तूर्त बंद. उजवा खांदा धरला आहे. चारुलताने आयोडेक्स चोळलं, पण चोळताना एक शब्द बोलली नाही. बोन्सायच्या वेळी निदान बोलायची.

१५ एप्रिल, रविवार
दहातल्या चार गोळ्या उडाल्याच नाहीत. चाप ओढला की नुसती टिचकी. रिमफायरची ठिणगी काडतुसाच्या बुडाच्या काठावर पडते, तो काठ दमट झाला की संपलं. दोष पिस्तुलाचा नाही, खाडीच्या हवेचा. मीठसुद्धा इथे बरणीत टिकत नाही. उडालेल्या सहाही कुठे गेल्या कळलं नाही, पण चार न उडाल्यावर सहांत मन कसं लागणार?

२२ एप्रिल
उपाय सापडला. गच्चीवर चारुलताचे पोह्याचे पापड वाळत होते, त्याच चादरीच्या एका कोपऱ्यावर काडतुसं मांडली. कावळे राखायला भागीरथी बसली होती. ही आमच्याकडे धुण्याभांड्याला जुईनगरच्या बाजूच्या गावातून येते. तिने खाली येऊन चारुलताला विचारलं, बाय, ये सांडगे कसले हायेत, तलले तं दात पडतील.
चेअरमनसाहेब टाकीची पातळी बघायला वर गेले होते. ते जिना उतरून आले ते थेट माझ्या दारात. आता सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली आहे: सभासदांनी गच्चीवर दारूगोळा वाळत घालू नये. नाव दिलेलं नाही. सगळ्यांना कळलं आहे.
चारुलता दोन दिवस दूध आणायला खाली गेली नाही.

१० जून, रविवार
आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.
नेमात मानसशास्त्र फार असतं. डोळ्याने यश आधी पाहिलं पाहिजे, मग हात मागोमाग येतो. म्हणून घरी आल्यावर एक कोरा टार्गेटचा कागद घेतला आणि पेन्सिलीच्या टोकाने मधल्या काळ्या वर्तुळात दहा भोकं पाडली. निव्वळ नमुना म्हणून. तेवढ्यात चारुलता आत आली. कागद बघून म्हणाली, अहो, हे तुम्ही मारलंत?
मी काही बोललो नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
तिने कागद उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. जेवायला शिरा केला. कागद हॉलमध्ये लावला.
फार बरं वाटतं आहे. आता फक्त खरोखर मारायचं राहिलं.

१५ जुलै, रविवार
अडचण एवढीच की दर रविवारी घरी एक कागद दाखवावा लागतो. आजच्या कागदात एक भोक मुद्दाम आठाच्या वर्तुळात पाडलं. नमुना वास्तवाच्या जवळ हवा.
खरा स्कोअर: लिहिण्यासारखा नाही. कारण: रेनकोट.
चारुलताने तळमजल्यावरच्या बायकांना सांगितलं की हे नव्वदच्या खाली येत नाहीत. चेअरमन जिन्यात भेटले, आपणहून हसले. ती आता दूध आणायला मुद्दाम गर्दीच्या वेळी जाते.

३१ ऑगस्ट
गणपतीसाठी मधुकर आला आहे. हॉलमधल्या कागदांसमोर बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, दाजी, तुमची एक गोळी दाखवा जरा. दाखवली. त्याने काडतूस पुढच्या टोकाने एका भोकात घातलं. ते आत गेलं आणि भोवती जागा उरली. म्हणाला, टू टूला एवढं भोक? हे तर बत्तीस बोअरचं वाटतं.
मी समजावलं, दमट हवेत कागद फुगतो, त्याबरोबर भोकही मोठं होतं. त्याला पटलं असावं, कारण तो पुढे काही बोलला नाही. चारुलता मोदकाच्या पाऱ्या करत होती. तिने मान खाली ठेवूनच म्हटलं की परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं बघायला येऊ. मी म्हटलं, जरूर.
नको म्हणायला हवं होतं. पण काय कारण देणार?

७ ऑक्टोबर, रविवार
आता मात्र कारण खणखणीत आहे. दसऱ्याला चारुलताने पिस्तुलाची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडू. मला वाटलं, वरवर वाहील. तिने सगळं मनापासून वाहिलं.
आज गुप्ते रिवाजाप्रमाणे आधी नळी तपासायला गेले तर आतून तांदूळ पडले. मग कुंकू. मग आणखी तांदूळ. ब्रश घालून साफ करता करता म्हणाले, बोटीवर खारं पाणी पाहिलं, गंज पाहिला, हे प्रथमच. उरलेल्या वेळात सहा गोळ्या मारल्या. एकही कागदाला नाही. देवाधर्मापुढे कोणाचं चालत नाही.
तरी एक गोष्ट मनातून जात नाही. पूजा करताना तिने डोळे मिटून हात जोडले होते. काय मागितलं असेल ते मला माहीत आहे.

२६ नोव्हेंबर
निवडणुका आल्या. पोलिसांचा हुकूम: सगळी लायसन्सची हत्यारं जमा करा. मी पहिल्याच दिवशी गेलो. हवालदाराने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यामागच्या बंदूकवाल्याला म्हणाला, तुम्ही या पुढे, हे काय, लहान मुलांचंही जमा करायचं का. मी त्याला छोट्या गोळीचे फायदे सांगायला लागलो. त्याने पावती दिली.
परीक्षा पुढे ढकलली. लोकशाहीसाठी एवढा त्याग करायला हवा. घरी येताना पाऊल किती हलकं पडत होतं!

२० जानेवारी १९८५, रविवार
पिस्तूल परत मिळालं. काही लोक इतके तत्पर असतात.
रेंजवर वीस गोळ्या. सात गुण. कारण: दोन महिन्यांचा खंड.

११ फेब्रुवारी
विधानसभा. पुन्हा जमा. हवालदार मला आता नावाने ओळखतो.
ऑफिसात विचार केला, निवडणुका दर तीन महिन्यांनी घेतल्या तर देशाचं काय बिघडेल?

२१ एप्रिल, रविवार
गुप्त्यांनी सांगितलं, पाच मे, शेवटची तारीख. मी अडचणी सांगायला तोंड उघडलं, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दिनानाथ, एकदा देऊन टाका.
चारुलताने मधुकरला पत्र टाकलं आहे.
संकल्प: तिला खरं सांगणे. वेळ बघून.

२८ एप्रिल, रविवार
वेळ आली नाही. ती मंगळवारी नवं पातळ घेऊन आली आहे, परीक्षेला नेसायला. मी म्हटलं, रेंजवर नुसती माती असते. ती म्हणाली, असू दे.

५ मे, सकाळी
मधुकर दाढी करतो आहे. चारुलता पुऱ्या तळते आहे, डबा न्यायचा आहे. सांगायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दोनदा गेलो. कढईत तेल तापलेलं असताना माणसाला असलं काही सांगू नये.
शांत राहायचं. आकडे पाहिले तर माझ्यात प्रगती आहे. सातावरून शंभर अशक्य नाही. वर्षभर हुकलेल्या सगळ्या गोळ्या आज एकदम लागतील असं आतून वाटतं आहे.

५ मे, संध्याकाळी
वीस गोळ्या. अकरा गुण.
शेवटची मारून झाल्यावर मागे वळायचं होतं. वळलो नाही, आणि मोठ्याने बोलायला लागलो. म्हणालो, हे पिस्तूलच दगाबाज आहे, याची नळीच्या टोकावरची नेमाची माशी वाकडी आहे, पॉइंट टू टूमध्ये हा दोष असतोच, खेळण्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार. खेळणं हा शब्द मी वापरला. वर्षभर ज्याची बाजू घेतली त्याला.
गुप्त्यांनी नवा कागद लावला, माझंच पिस्तूल घेतलं, माझीच पाच काडतुसं भरली आणि उभ्याउभ्या मारली. मधुकर कागद काढून घेऊन आला. पाचही भोकं काळ्यात, त्यातली तीन दहाच्या वर्तुळात. गुप्ते म्हणाले, हत्यार उत्तम आहे, जपून ठेवलेलं आहे. द्यायचं झालं तर क्लबला कळवा.
मधुकरची टिंगल ऐकायला मी तयार होतो, उत्तरही तयार होतं. त्याने टिंगल केली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, दाजी, मी मानलं, तुमचं खरं होतं, छोटं असलं तरी झकास आहे.
वर्षभर मला हेच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.
चारुलताने तो कागद हातात घेतला होता. बारीक, स्वच्छ भोकं होती. तिने एकावर बोट ठेवलं, ते पुरतं झाकलं गेलं. मग कागद गुप्त्यांना परत दिला आणि डबा न उघडताच पिशवीत ठेवला. म्हणाली, निघू या, बस पुन्हा लवकर नाही.
नावड्याच्या स्टॉपवर बस रिकामीच आली. मी आधी चढून तिच्यासाठी शेजारची सीट पुसून ठेवली. ती पुढे जाऊन बसली. तिला खिडकी लागते, म्हणून गेली असावी.
माझ्याकडचीही खिडकीचीच होती.