तिच्या खोलीची हवा

प्रिय बाळ्या,

तुझं जहाज कुठल्या बंदराला लागलंय कोण जाणे. वेळेवर जेव आणि डेकवर उघड्या डोक्याने फिरू नकोस. फोनवर मी भलतंच बोलत बसतो आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. शाळेशी माझं कधी फारसं जमलं नाही, तेव्हा चुका पोटात घाल.

तुझी लेक दिवस भरायच्या आधीच आली, आणि तिला ठेवलं ते आमच्याच हॉस्पिटलात, नेमकं मी हवा सोडतो त्या काचेच्या खोलीत. तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जरासा जास्त लागतो, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. त्यावर नजर ठेवायला माझ्या मशीनरूममध्ये एक छोटा स्विच आहे. त्याला दोन बारीक नळ्या, एक खोलीतून आलेली, एक बाहेरच्या पॅसेजमधून. दोन्हीकडच्या दाबातला फरक कमी झाला की वर वॉर्डात भोंगा वाजतो. किती कमी झाल्यावर वाजायचं, ते एका गोल बटणावर ठरतं. इतक्या वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. पण आपली पोर आत, आणि माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मी ते थोडं पुढे फिरवलं, फरक जरासा घटला तरी लगेच वाजावं म्हणून. मग वाटलं, आणखी जरा.

झालं! सिस्टरने दार नुसतं किलकिलं केलं तरी भोंगा. दूध आलं, भोंगा. डॉक्टरीणबाई आल्या, भोंगा. मोठ्या सिस्टर तरातरा खाली आल्या नि म्हणाल्या, आजोबा, तुमच्या नातीला झोपू द्याल का जरा? आणि उद्या खरंच दाब गेला तर आम्ही म्हणणार, आजोबांचंच काहीतरी चाललंय! बटण त्यांच्यासमोर जुन्या खुणेवर आणलं. आमच्या साहेबांनी त्या बटणावर सील लावलं. आता सगळा वॉर्ड मला भोंगेआजोबा म्हणतो. तुझी आई तर घरीसुद्धा.

सूनबाई मात्र हसली नाही. म्हणाली, अण्णा, खालून किती राखण कराल, एकदा वर येऊन बघा तरी. अंगावर धूळ आहे म्हणून मी टाळत होतो. खरं तर धीर होत नव्हता. शेवटी गेलो. मूठभर जीव, पण जांभई दिली ती पार जबडा फाकून!

आज सकाळी तिला त्या खोलीतून काढून सूनबाईच्या कुशीत दिलं. आता ती तुझ्यामाझ्यासारखी साधी हवा घेते. सूनबाई म्हणते, हे फोनवर यंत्राचं विचारतात, हवेचं विचारतात, पण मुलीचं नाव काढत नाहीत. मी म्हटलं, बापावर गेलाय, वाईट ऐकावं लागेल म्हणून विचारतच नाही. बाळ्या, आता विचार. वजन विचार, रडते कशी ते विचार. आणि फोन मला करू नकोस, सूनबाईला कर. ती उशाशी फोन घेऊन वाट बघतेय.

तुझाच,
अण्णा