अण्णांचं दुखणं, माझं आणि दादाचं

३ जुलै
आजही शौचास काळं. डांबरासारखं. तिसरा दिवस. कंपनीत पॅकिंगला उभं राहवेना. घरी ह्यांना सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, असंच सुरू झालं होतं. जठराचा कॅन्सर. चार महिन्यांत गेले.

४ जुलै
सांगितलं. हे ताटावरून उठले. "तीन दिवस गप्प बसलीस?" लगेच सिन्नरहून नाशिक. रक्त फार कमी. ॲडमिट.

५ जुलै
दुर्बीण झाली. जठरात जखम. तुकडे तपासायला पाठवलेत.
"कॅन्सर आहे का?"
"रिपोर्ट येऊ दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नुसतं 'नाही' म्हणाल्या असत्या तर...

९ जुलै
कॅन्सर नाही! ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. जंतू निघाला, एच. पायलोरी. बहुधा लहानपणीच घरात लागलेला. त्यात कंबरेसाठी खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या. आता चौदा दिवस औषधं, एकही चुकवायची नाही.
निघताना बाई म्हणाल्या, "ह्या जंतूनं पुढे कॅन्सरही होऊ शकतो. वडिलांना होता ना? भावंडांनाही दाखवून घ्या."
दादा.

१० जुलै
कळवणला दादाला फोन. "मला काय झालंय? ॲसिडिटी हाय. सोडा घेतला की बरं वाटतं." किती वर्षं? "असतील दहा-बारा."
मग वहिनीनं फोन घेतला. हळू आवाजात, "ताई, दोन महिने झाले, अर्धी भाकर संपत नाय त्यांना. पँट कमरेवर राहत नाय."


१६ जुलै
औषधांनी तोंडात सतत लोखंड चाटल्यासारखं. मळमळ. तरी गोळ्या घेतेय. दादा फोन उचलत नाही.

१९ जुलै
ह्यांना घेऊन कळवण गाठलं. दादाची गालफडं बसलीत. "तू आजारी, अन् मला न्यायला आली?" हसत होता. मी ओरडलेच, "अण्णाही सोडाच घ्यायचे!"
मग म्हणाला, "म्हणून तर भ्या वाटतं गं."

२१ जुलै
नाशिकला दादाची दुर्बीण. माझ्यापेक्षा खूप वेळ लागला. बाई बाहेर आल्या, तुकडे घेतलेत म्हणाल्या. आणखी काही विचारायचा धीर मला झाला नाही, वहिनीलाही नाही.
रिपोर्ट येईपर्यंत दोघं आमच्याकडेच. दादा आतल्या खोलीत वहिनीला समजावतोय. कांद्याचं रोप कधी टाकायचं, मका कोणाकडून काढून घ्यायचा. दिवाळीपर्यंतचं सगळं सांगून ठेवतोय.