सिप्रियानची सही

सोमवार, ३ फेब्रुवारी

फ्लॅट विकला! म्हणजे विकल्यातच जमा. ग्लेनिस आणि तिचा नवरा आज परत येऊन गेले. ग्लेनिस नर्स आहे, दिवसभर जिने चढते-उतरते, तिला लिफ्ट नसल्याचं काहीच वाटत नाही. माझ्या गुडघ्यांना वाटतं. तिसरा मजला म्हटला की ते कुरकुरायला लागतात.

कुडतरीला लुर्दीनच्या घराला लागून दोन खोल्यांचं बैठं घर निघालंय. बहीण शेजारी, दारात माड, पायरी एकच. अजून काय पाहिजे?

बयाणा घेतला. ग्लेनिस म्हणाली, "आंटी, कागद आमच्या वकिलांना दाखवते हां." म्हटलं, खुशाल दाखव. कर्ज नाही, भाडेकरू नाही, सोसायटीची बाकी नाही. माझ्या एकटीच्या कमाईचा फ्लॅट, माझ्या एकटीच्या नावावर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ग्लेनिसचा फोन. "आंटी, वकील विचारतायत, अंकल सही करायला कधी येतील?"

कोण अंकल?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कुंकळकर वकिलांकडे जाऊन आले. अजून डोकं ठिकाणावर नाही.

"लग्न गोव्यातच नोंदवलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लग्नाआधी मालमत्तेचा काही करार?"

"करार बँडवाल्याशी केला होता, तेवढाच."

हसले नाहीत. म्हणाले, "मग इथल्या कायद्याप्रमाणे जे तुमचं ते दोघांचं, जे त्यांचं तेही दोघांचं. कागदावर नाव कुणाचंही असो. मिस्टरांच्या सहीशिवाय फ्लॅट विकता येणार नाही."

मी म्हटलं, अहो, सिप्रियान मला सोडून गेला तेव्हा हा फ्लॅट नव्हताच. आख्ख्या मडगावच्या नवरीमुलींचे झगे शिवून मी तो घेतलाय. त्यानं एक खिळासुद्धा ठोकलेला नाही.

"सोडून गेले. पण घटस्फोट झालेला नाही ना?"

नाही झाला. चर्चमधलं लग्न, आई जिवंत, लोक काय म्हणतील — हे सगळं तेव्हा होतं. तो गेला, मी पडदे बदलले आणि संपलं असं धरून चालले.

"मग आता घेते घटस्फोट."

"घ्या ना. पण ग्लेनिस तोवर थांबणार नाही. त्यापेक्षा एक सही सोपी."

त्यांना सोपं वाटतं. त्यांचं लग्न सिप्रियानशी झालेलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

मिसा झाल्यावर लुर्दीनला सांगितलं. ती चर्चच्या पायरीवरच मटकन बसली. मग म्हणाली, "जा, आणि चांगली साडी नेसून जा." जन्मात साडी नेसले नाही मी. काय सुचेल ते बोलते ही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कुठ्ठाळीला, सिप्रियानच्या घरी गेले. निळा झगा घातला, तो मला बरा दिसतो.

दार सिप्रियाननंच उघडलं. केस गेलेत, पोट आलंय. मला बघून असा पांढरा पडला की मीच त्याला धरून खुर्चीत बसवलं. आतून इनासिना आली — ज्या बाईसाठी तो गेला ती. इतकी वर्षं मी तिला नुसतं लांबून, बाजारात पाहिलेलं. जवळून बघितलं तर माझ्यासारखीच थकलेली बाई, हाताला पीठ लागलेलं.

"घर घ्यायला आलात ना?" तिनं विचारलं.

"कसलं घर? मी माझं विकायला आलेय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग इनासिना मोठ्यानं हसायला लागली आणि चहा ठेवायला गेली.

हळूहळू कळलं ते असं. हे कुठ्ठाळीचं घर इनासिनाच्या पैशांचं. ती कुवेतला लोकांची मुलं सांभाळायची, पैसे सिप्रियानला पाठवायची. साहेबांनी जागा घेतली, घर बांधलं — सगळं स्वतःच्या नावावर! आता ते इनासिनाच्या नावावर करायचं म्हणून दोघं वास्कोच्या वकिलाकडे गेले, तर तो म्हणाला, बायकोची सही आणा. म्हणजे माझी. उद्या सिप्रियान गेला, तर अर्धं घर सरळ माझं. इनासिनाचं काहीच नाही.

"तुझ्याकडेच येणार होतो मी," सिप्रियान म्हणाला.

"कधी?"

"येणारच होतो."

"बरीच वर्षं येतोय तो," इनासिना म्हणाली. "तुमच्या गेटपर्यंत जातो, परत येतो. तुम्ही आलात, त्या थेट दारापर्यंत."

चहाबरोबर तिनं खोबरं भरलेल्या नेवऱ्या दिल्या. चांगल्या होत्या. मला उगीचच वाटत होतं, हिला स्वयंपाक येत नसणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दिवसभर मशीनवर बसले पण एक शिवण सरळ गेली नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कुंकळकर आज भलतेच खुशीत. "बाई, तुमच्या हातात हुकमाचं पान आहे. त्या घराच्या किमतीत अर्धा वाटा मागा. नाहीतर सही नाही."

"आणि त्यानं माझ्या फ्लॅटचा अर्धा मागितला तर?"

"म्हणून तर आधी तुम्ही मागायचा."

घरी येऊन खूप विचार केला. खोटं कशाला लिहू, मोह झाला. ही बाई माझ्या नवऱ्याबरोबर राहिली, मी एकटीनं जेवले, नाताळसुद्धा एकटीचा. थोडं रडवलं तिला तर काय बिघडतं? पण तिचं ते स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलेना. खिडकीखाली दगडी ओटा, तिच्याच उंचीचा करून घेतलेला. परदेशात दुसऱ्यांच्या ओट्यावर राबताना मनात धरून ठेवला असणार तो.

दुपारी तिला फोन केला. म्हटलं, "मी तुझ्यासाठी सही करते. त्यानं माझ्यासाठी करावी. कुणी कुणाकडे काही मागायचं नाही."

ती म्हणाली, "दीदी, मी तुम्हाला काय म्हणू तेच कळत नाही."

"दीदी म्हणालीस की आत्ताच."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दोन्ही कामं एका दिवसात उरकली. सकाळी मडगावला माझा फ्लॅट ग्लेनिसला. दुपारी वास्कोला ते घर इनासिनाला, आणि विकणारे कोण तर सिप्रियान आणि मी! नोंदणी कचेरीत फोटोसाठी आम्हा दोघांना शेजारी बसवलं. कारकून म्हणाला, "मिस्टर, जरा मिसेसकडे सरका." इनासिना समोरच्या बाकावरून म्हणाली, "सरक रे, चावत नाहीत त्या."

जेवायला तिघं एकाच टेबलाशी. मासे इनासिनानं निवडले, काटे सिप्रियाननं माझ्या ताटात काढले. म्हणजे माझ्या माशातले काटे काढून देत होता, पण ठेवत माझ्याच ताटात होता. पूर्वीही असंच करायचा.

निघताना इनासिनानं नवा दस्त पदराखाली धरावा तसा छातीशी धरला होता. मी विचारलं, "आता पहिलं काय करणार?"

"पुष्कळ कामं तुंबलीयत, दीदी."

सोमवार, ३ मार्च

कुडतरीचं घर माझं झालं. आणि खरेदीला नवऱ्याची सही लागली नाही. विकायलाच लागते म्हणे. कुंकळकर पुढे अजून काहीतरी समजावत होते, पण खाली रस्त्यावर कार्निव्हलचे ढोल असे वाजत होते की मी नुसती मान हलवली. दुपारी सामान आलं. लुर्दीननं कुंपणावरूनच सांज्याची वाटी दिली. गुडघे गप्प आहेत.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार, कार्निव्हल संपून उपासाचे दिवस सुरू. दुपारी दारात सिप्रियान, हातात बॅग.

"इनासिनानं घालवलं," तो म्हणाला. "म्हणाली, कार्निव्हल होईपर्यंत ठेवलं हेच पुष्कळ."

मी म्हटलं, मग इथे का?

तो आत येऊन खुर्चीत बसला. म्हणाला, "वकिलाला विचारून आलो. जे तुझं ते दोघांचं. म्हणजे हेही आपलंच ना, आर्सेनिया?"

त्याला भात-आमटी वाढली. तो जेवत असताना त्याच्यासमोरच कुंकळकरांना फोन लावला आणि विचारलं, घटस्फोटाला किती दिवस लागतात.