भरतीच्या पाण्याच्या बाटल्या

बाई,

तुमची निळी वही माझ्या मांडीवर आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. वहीचे कोपरे कसरीने खाल्लेत, पण आकडे शाबूत आहेत. उद्या चिपळूणला सुनावणी आहे. सड्यावरच्या, वरच्या कातळमाळावरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत उतरतं आणि त्यात शिसं असतं, एवढंच गावाला दाखवून द्यायचंय, आणि त्यासाठी गावाकडे या वहीशिवाय काही नाही. वही तुमची, पण बाटल्या मी भरलेल्या, म्हणून मला दापोलीहून बोलावून घेतलं. मी तिथे पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवते. त्याआधी गोव्यात होते, त्याआधी पोफळीला मैत्रिणीकडे, आणि तिथे तर... ते राहू दे. तुम्ही म्हणायचात, ही एका वाक्यात तीन गावं फिरून येते.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटून मी घरी बसले होते, तेव्हा तुम्ही मला कामाला लावलंत. निवृत्त झाल्यावर गणिताच्या बाईंना खाडीचं वेड लागलं म्हणून गाव हसायचं. काम सोपं होतं. दर पंधरवड्याला, पूर्ण ओहोटी लागली की धक्क्याच्या टोकाला जायचं, बाटली भरायची, वेळ लिहायची. ओहोटीच का, ते तुम्ही स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता सांगितलंत: भरतीला समुद्र आत शिरतो, पाणी पातळ होतं, सड्यावरून काय आलं ते बघायचं तर समुद्र बाहेर गेलेला हवा. बाटल्या तुमच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी राहायच्या, मग मुंबईला, तुमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत.

पहिले अहवाल आले, त्यात बऱ्याच ठिकाणी 'मर्यादेखाली' लिहिलेलं, म्हणजे यंत्राला पकडता येईल त्याहून कमी. मी वहीत तिथे शून्य मांडलं.

"हे काय?"

"काही सापडलं नाही ना. म्हणून शून्य."

"नारळ तोलायच्या काट्यावर मिरीचा एक दाणा ठेव. काटा हलेल?"

"नाही."

"मग मिरीला वजन नाही?"

तुम्ही एकेक शून्य खोडताय. म्हणताय, शून्य लिहिणं म्हणजे मला ठाऊक आहे असं म्हणणं, आणि आपल्याला तर ठाऊक नाही. काही जण मर्यादेचा अर्धा आकडा घालून मोकळे होतात, तीही सोयच. तुम्ही सगळे आकडे चढत्या क्रमाने लावता, मर्यादेखालच्यांना कुठलाच आकडा न देता तळाशी बसवता, आणि मधोमध कोण येतो ते बघता. एका मोठ्या आकड्याने सरासरी फुगते, मधला सहजी हलत नाही. मी खिडकीबाहेर तारेवरचा खंड्या बघतेय. "तो उडाला की इकडे बघ," तुम्ही म्हणताय.

बाई, तो उडाला तरी मी तिकडेच बघत बसले.

एकदा हर्णैला मासळीचा लिलाव बघायला गेले, मैत्रिणीच्या स्कूटरवर. संध्याकाळी परतले तर भरती चढलेली. बाटली तर भरायची होती. भरली, आणि वहीत लिहिलं, पूर्ण ओहोटी, दुपारी सव्वातीन. पुढे सोपंच झालं. खालच्या वाडीतली काकी, ओहोटीला चिखलातून मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढून विकणारी, तिने एकदा पाहिलं.

"काय गो, ह्या वक्ताला पानी भरतंस? पानी उतरलं तवा, सुकतीला, कुठं उलथली होतीस?"

"काकी, पाणी ते पाणी."

"हां, मग मी पन भरतीलाच जाईन मुळे काढायला, बुडून!" आणि पाटी डोक्यावर घेऊन हसत गेली.

काल देवळात बैठक होती. गावाच्या वकीलबाईंनी वही उलटसुलट पाहिली. म्हणाल्या, अर्ध्याहून जास्त बाटल्या मर्यादेखाली आहेत, मधला आकडाही खालीच येतो. समोरचे म्हणणार, खाडी स्वच्छ आहे. मग माझ्याकडे वळल्या. "सगळ्या ओहोटीच्याच ना?"

हो म्हटलं तर माझं पातळ पाणी कारखान्यांच्या कामी येतं. नाही म्हटलं तर समोरचे सगळी वहीच बाद करायला लावतील. तुमची पद्धत न सापडलेल्यालाही जागा देते, बाई. खोट्या वेळेला तिच्यात जागा नाही. बाहेरून बघून ती खोटी आहे हे कुणालाच कळत नाही.

काकी खांबाला टेकून बसली होती. तिच्या नातवाच्या रक्तात शिसं निघालंय. मुळे खाल्ल्यानेच की आणखी कशाने, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. पोर चार वर्षांचं आहे, नीट बोलत नाही. मी काही बोलायच्या आत काकीच म्हणाली, "तिला काय इचारताव? बाईंच्या हाताखालची हाय ती. खोटं कसं असंल?" तिला धक्क्यावरचं ते हसणं आठवत नाही.

मी मान हलवली. नंतर वकीलबाईंनी बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, एखाददुसरी इकडेतिकडे असेल, आता आठवत नाही.

बहुतेक बाटल्या खरंच आठवत नाहीत. पण गणपतीनंतरच्या लागोपाठ तीन आठवतात. त्या दिवसांत गुहागरला कबड्डीचे सामने होते आणि मी तिथेच पडीक असायचे. तिन्ही अहवाल स्वच्छ आले. तुमच्या घरात वर्षभर मुळे बंद होते, काकीलाही तुम्ही पोरांना देऊ नको म्हणून बजावलेलं. तिसरा अहवाल आला त्या सकाळी तुम्ही स्वतः तिला रस्त्यावरून हाक मारलीत, वाटाभर मुळे घेतलेत आणि म्हणालात, "खाडी सुधारतेय गं. आता खायला हरकत नाही." इतक्या खुशीत तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून काकीच्या चुलीवर ते पुन्हा शिजायला लागले. ते आजतागायत.

हे कागद वहीतच ठेवावेत, असं लिहायला बसताना वाटलं होतं. पण वही उद्या सकाळी वकीलबाईंच्या हातात जाणार, आणि त्या पानन् पान बघतात. म्हणून घडी घालून माझ्या पिशवीत टाकतेय, बाई. तळाशी, कपड्यांच्या खाली.