फीने की फाइन

ती. ताईस,

(तीर्थरूप म्हटलं की तुला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, ठाऊक आहे. पण ‘प्रिय’ लिहिलं की ही आता काहीतरी मागणार, असा तुला संशय येतो. म्हणून तीर्थरूपच बरं.) नमस्कार. गुडघे कसे आहेत? आणि बोटं? इकडे आम्ही मजेत. आमचे हे दुपारी खुर्चीत घोरतात, हळूहळू चढत जाणारा क्रेशेंडो असतो तो, आणि शेवटी स्वतःच्याच आवाजानं दचकून मलाच विचारतात, ‘कोण ओरडलं?’

मागच्या महिन्यात फोनवर तू म्हणालीस, ‘माझं पियानो वाजवणं आता फीने गं, संपलं.’ मला त्याचं काहीही वाटलं नाही. भावोजी गेले, तू लांब लेकाकडे राहायला गेलीस, पियानो इथे माझ्याकडे, समजतं मला. म्हणून तर वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या जागी बसवलं. आपलंच ते चार हातांचं वॉल्ट्झ, खालच्या पट्ट्यांवर तुझा सेकोंदो, वरच्या पट्ट्यांवर माझा प्रिमो. बाई गुणी आहेत, पण हाताची सवय कुठे जाते! प्रत्येक खालचा सूर मुळासकट उपटतात, आणि मी अडखळले की म्हणतात, ‘थोडंच राहिलंय हं, काकू, झालंच.’ (तू नुसतं नाकातून ‘हं’ करायचीस आणि मी पान उलटायची. बाईंच्या ‘हं’ला मी तोंड उघडते.)

परवा शेजारच्या चार माणसांना चहाला बोलावून आम्ही ते वाजवलं. शेवटी आलं ‘दा कापो अल फीने’. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करा आणि ‘फीने’ लिहिलंय तिथे संपवा. हे झालं शहाण्यांसाठी. आपण पडलो कॉन्व्हेंटच्या मुली! तू ती इटालियन अक्षरं इंग्रजीसारखी वाचून मला बजावलं होतंस, ‘इथे फाइन लिहिलंय बघ. थांबलीस की फाइन बसतो.’ (शाळेत घरची भाषा बोललं की बसायचा, तसाच.) त्या धाकानं मी कधी थांबलेच नाही, आणि मी थांबेना म्हणून तुलाही थांबता येईना. शाळेच्या कार्यक्रमात आपण गोल गोल वाजवतच राहिलो, आठवतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजवून दमले, पडदा पडला, तरी पडद्यामागे आपलं चालूच. शेवटी संगीताच्या सिस्टर धावत आल्या, ‘फीने, मुलींनो, फीने! संपलं!’ आणि तू हसता हसता स्टुलावरून खाली.

तर डॉक्टरीणबाई ‘फीने’पाशी शहाण्यासारख्या थांबल्या. हात मांडीवर. मी आपली पुढे. नुसता प्रिमो, खाली काहीच नाही, जिन्याला कठडा नसावा तसं. ‘काकू, संपलं,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘कुणी सांगितलं?’ तेवढ्यात ह्यांना जाग आली आणि ह्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. मीही हसले.

मंडळी गेल्यावर एकटीच पुन्हा वाजवत बसले, तर हे म्हणाले, ‘अगं, एवढं लांब स्टूल, कोपऱ्यात का बसतेस? पडशील.’ मी म्हटलं, सवय.

असो. प्रकृतीला जप. इथवर येण्याची दगदग मुळीच करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, जागा रिकामी नाहीये म्हणून. (त्यांचा जीव भांड्यात पडला.)

आणखी एक ता. क. बोटं वाकडी झाली असतील तर वाकडी वाजव. तुझे सूर चुकले तर मी वरून मोठ्यांदा वाजवून झाकीन. ते फीने-बिने मला कळत नाही, मी अजून फाइनच वाचते. तू थांबलीस, ताई. फाइन बसलाय. भरायला ये.